उकळलेली सुई

आई विचारते, रात्री अकराला कसलं इंजेक्शन देत बसता
सयाजीगंजातल्या त्या चौथ्या मजल्यावर?
तिने अडतीस वर्षं वॉर्डात काढली,
शब्द तिच्या मालकीचा आहे.
मी म्हणते, डिपेंडन्सी इंजेक्शन.
डिपेंडन्सी म्हणजे व्यसन ना?
हो. तसंच काहीसं.

मग सांगते तिला.
फंक्शनच्या डोक्यावर चौकटी कंसात बिल्ला लावतात,
[अधिकार] एवढंच लिहायचं,
की आत शिरणाऱ्याला तो अडवतो: कोण तू?
पण ओळखायचं तर त्याच्या हाती खातेवही हवी.
बाकी सगळ्यांना आम्ही जन्मतानाच शिदोरी बांधून देतो,
हे घे कनेक्शन, ही घे नोंदवही, जा.
बिल्ला मात्र रनटाइम परस्पर जन्माला घालतो
आणि त्याला तेव्हा देता येतात फक्त ठरीव अक्षरं, ठरीव आकडे,
शाळेच्या दाखल्यावर मावतील तेवढेच.
जिवंत काही देता येत नाही.

म्हणजे बेवारशी, आई म्हणते. मटार सोलतेय.
बेवारशी नाही गं. खिसे असतात त्याला, रिकामे.
प्रॉपर्टी म्हणतात.
कुणीतरी मागाहून जाऊन भरायचे.
विसरलं कुणी, तर तो भर दारात खिशात हात घालतो
आणि अख्खं पान पांढरंफटक.

हे मी सोमवारी निस्तरलं.
सगळे बिल्ले जिथून जातात तिथे उभी राहिले,
एकेकाला थांबवून खिसे भरले.
चाचण्या हिरव्यागार.
निनाद दिघेने खालून सेवउसळ आणली,
तर्री वेगळी, पाव जास्तीचे.

बुधवारी दांडिया बाजारच्या पतपेढीतून रमणिकभाईंचा फोन:
बेन, जरा जुओ ने,
गुप्तेकाकींच्या स्क्रीनवर परमारभाईंची ठेव दिसते.
काकी खूश आहेत. परमारभाई नथी.

एकेकटे आले की सगळे बरोबर.
दोघं मागोमाग आले की
पहिल्याची सावली दुसऱ्याच्या अंगावर.
मी ओळ ओळ तपासली. निनाद म्हणाला, सर्व्हर बदलू.
निनाद नेहमीच म्हणतो सर्व्हर बदलू.

गुरुवारी जेवताना आई स्वतःशीच बोलल्यासारखी:
एकोणऐंशी साली आमच्याकडे काचेच्या सिरिंजा होत्या, सहा.
टोचायची, उकळायची, पुन्हा भरायची.
रांग वाढली की एक ब्रदर, नाव नको,
उकळायचाच नाही. पुसायचा नुसता.
मग माझ्याकडे बघून,
तुझा तो बिल्ला
माणसागणिक नवा असतो का गं?

घास हातातच राहिला.

नसतो.
एकदा घडवला की रनटाइम त्याला जपून ठेवतो, काटकसरीने.
दुसरा येतो, तिसरा येतो,
बिल्ला तोच, खिसा तोच
आणि खिशात आधीचा माणूस.
तो मीच भरला होता, सोमवारी, कौतुकाने.

रात्रीच खिसे शिवून टाकले.
बिल्ला आता नुसता बिल्ला, एक नाव, एक आकडा.
तपासणारा वेगळा. प्रत्येकासाठी नवा बनतो,
दारात शिदोरी घेतो, विचारायचं ते विचारतो,
आणि मरून जातो, कुणाला न आठवता.
एक्केचाळीस ओळी कमी झाल्या.

घरी आले तर आई जागी.
मी विचारलं, त्या ब्रदरचं पुढे काय झालं?
काय व्हायचंय. रिटायर झाला. कारेलीबागेत असतो,
दिवाळीला फोन येतो त्याचा.
आणि रांगेतल्यांचं?
ती बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली.
त्यांची नावं कुठे लिहिलीयत.

आमच्याकडे लिहिलेली असतात.
लॉग उपसला. सोमवार ते गुरुवार,
कुणी कुणाचं काय पाहिलं.
सतरा जण. सकाळी सतरा फोन करायचे होते.
आईने चष्मा लावला, यादी मागून घेतली
आणि बोट ठेवून वाचत गेली, मोठ्याने,
आडनावासकट.